कागदावरचा उमेदवार

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या आसपास झेरॉक्सचं एक दुकान असतंच, आणि त्या दुकानातल्या संगणकात ‘बायोडेटा’ नावाची एक फाईल असते. मागच्या पोराचं नाव खोडायचं, नव्याचं टाकायचं, दहावी-बारावीचे टक्के बदलायचे आणि प्रिंट हातात द्यायची. वर ठळक अक्षरात नाव, उजव्या कोपऱ्यात फोटो. त्याखाली आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीची व स्वतःची प्रगती साधण्याचं इंग्रजीतलं ध्येय. मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, राष्ट्रीयत्व. छंद म्हणून वाचन, संगीत आणि क्रिकेट. आणि शेवटी वरील सर्व माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि सही. चाकणच्या कारखान्याच्या गेटपासून नरिमन पॉइंटच्या कचेरीपर्यंत हाच कागद फिरतो. इंजिनिअरिंगची मुलं त्याला रेझ्युमे म्हणतात, निळ्या रंगाची पट्टी देतात, पण आतला मजकूर फारसा वेगळा नसतो.

या कागदावर उमेदवार कोण, कोणाचा आणि कुठला हे सगळं सापडतं. त्याला कोणतं काम येतं आणि ते त्याने कुठे केलंय, एवढंच सापडत नाही. रेझ्युमे कसा लिहावा यावर आज सल्ल्यांचा सुकाळ आहे. अक्षराचा आकार किती, पानं किती, रंग कोणता यावर तासन्‌तास व्हिडिओ आहेत. त्यातला बराचसा भाग दुय्यम आहे. मुख्य अडचण अशी की आपण अजून ओळखपत्र लिहितो आहोत आणि समोरचा कामाचा पुरावा मागतो आहे.

ही सवय कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी नोकरीचा अर्ज म्हणजे सरकारी अर्ज एवढंच पाहिलं. १९५९ च्या कायद्यानुसार सरकारी आणि मोठ्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या. तिथे नाव नोंदवून ‘कॉल’ची वाट पाहण्यात लोकांची वर्षं गेली. आजही जिल्हा परिषदेची किंवा एमपीएससीची जाहिरात निघाली की वय, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, एमएस-सीआयटी यांची जुळवाजुळव सुरू होते. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. ते आहे किंवा नाही. तिथे कोण कुठला हे विचारणं रास्तच आहे, कारण पात्रता आणि आरक्षण त्यावर ठरतं आणि गुणवत्ता परीक्षेत ठरते. अर्जात स्वतःबद्दल पटवून सांगायला जागाच नसते. हाच साचा खासगी नोकरीच्या अर्जात उतरला. दुसरीकडून लग्नाच्या बायोडेटाचे रकाने आले. उंची, रास आणि देवक तेवढं गळलं, बाकीचं राहिलं.

तिसरं कारण स्वभावातलं आहे. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणं मराठी घरात असंस्कृत मानलं जातं. दासबोधातल्या मूर्खलक्षणांमध्ये आत्मस्तुती आहे. गंमत अशी की वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणं हेही त्याच यादीत आहे, पण ते आपण सोयीने विसरलो आणि बायोडेटात वडिलांचं नाव व हुद्दा आवर्जून लिहीत राहिलो. केलेलं काम नेमकं सांगणं ही स्तुती नव्हे, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि सकारात्मक वृत्तीचा आहे’ ही खरी आत्मस्तुती आणि ती प्रत्येक बायोडेटात असते. ‘मी सहा महिने गोदामाचा साठा टॅलीत नोंदवला’ हे साधं निवेदन, ते कुठेच नसतं.

जगातला पहिला रेझ्युमे म्हणून लिओनार्दो दा विंचीच्या पत्राचं नाव घेतलं जातं. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागितलं. आपण हलके पूल बांधू शकतो, वेढ्यात खंदकातलं पाणी काढू शकतो, तोफा आणि झाकलेल्या युद्धगाड्या बनवू शकतो अशी कलमवार यादी त्याने दिली आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. स्फोर्झाला तेव्हा लढाईची चिंता होती, चित्रांची नव्हती. समोरच्याची गरज ओळखून यादीचा क्रम लावणं म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला धडा नाही. उपलब्ध मसुद्यातलं अक्षर त्याचं स्वतःचं नसावं असं अभ्यासक मानतात; म्हणजे बायोडेटा दुसऱ्याकडून लिहून घेण्याची रीतही तितकीच जुनी दिसते.

आपल्याकडे हा कागद वाचणारा माणूस गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलला. पूर्वी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला बॉक्स नंबरवर टपालाने अर्ज जात. टाइप करून घेण्याचा खर्च, पाकीट, तिकीट यामुळे माणूस विचार करून अर्ज करी. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं, २००३ मध्ये लिंक्डइन आलं, आणि गोदरेजने २००९ मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं तोवर अर्ज करणं फुकट आणि क्षणाचं काम झालं होतं. अर्ज सोपा झाला तसा अर्जांचा ढीग वाढला. आता एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात आणि ते चाळणारी एचआरमधली मुलगी एकाच वेळी दहा जागा भरत असते. तिला तुमच्या कामातलं सगळं कळतं असंही नाही. तिच्यासमोर विभागप्रमुखाने दिलेली चार-पाच शब्दांची यादी असते.

लॅडर्स नावाच्या अमेरिकी संकेतस्थळाने २०१२ मध्ये वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या आणि एका रेझ्युमेवर पहिल्या नजरेत सहा सेकंद जातात असं जाहीर केलं. २०१८ च्या पुनर्तपासणीत हा आकडा ७.४ सेकंद आला. पाहणी लहान होती, शिवाय नोकरीचीच सेवा विकणाऱ्यांनी केलेली, तेव्हा सेकंदांना फार चिकटू नये. नजर कुठे जाते हे मात्र लक्षात ठेवावं: नाव, आत्ताचा हुद्दा, कंपनी, तारखा, त्याआधीची नोकरी, शिक्षण. म्हणजे पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग. झेरॉक्सच्या दुकानातल्या नमुन्यात नेमकी ती जागा ध्येय आणि फोटो अडवून बसतात.

माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं, ही दुसरी भीती. अर्जांची नोंद ठेवणारी ही प्रणाली एटीएस म्हणून ओळखली जाते. ‘७५ टक्के रेझ्युमे एटीएस परस्पर फेकून देतं’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. त्यामागे कोणताही विश्वासार्ह अभ्यास नाही. रेझ्युमे सुधारून देण्याचा धंदा करणाऱ्यांनी ते पसरवलं. प्रणाली बहुतेक ठिकाणी एवढंच करते: फाईलमधला मजकूर काढून रकान्यांत बसवते आणि वाचणाऱ्याला शोध घेऊ देते. दोन उभ्या स्तंभांचा देखणा नमुना, चौकटींत बसवलेला मजकूर, फोन नंबर चित्राच्या रूपात, असं काही असलं की हा मजकूर उलटापालटा निघतो. म्हणून एका स्तंभाची साधी पीडीएफ पुरते. कौशल्यांपुढे काढलेल्या पट्ट्या आणि ठिपके तर काढूनच टाकावेत. एखाद्याला एक्सेल ‘८० टक्के’ येतं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

खरी चाळणी वेगळीच आहे आणि ती माणसांनीच लावलेली असते. अर्ज भरताना विचारलेल्या प्रश्नांना तुम्ही जी उत्तरं देता, नोटीस पीरियड किती, अपेक्षित पगार किती, अनुभव किती वर्षांचा, दहावी-बारावी-पदवीला सलग ६० टक्के आहेत का, त्यावर यादी आपोआप कापली जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं की योग्य उमेदवारही अशा काटेकोर निकषांमुळे बाहेर फेकले जातात. त्यातल्या जवळपास निम्म्या कंपन्या कामात सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड असला की अर्ज बाजूला काढत होत्या. अशा चाळणीपुढे सुंदर भाषाही चालत नाही आणि निळी पट्टीही. तिथे ओळखीचा माणूस, कंपनीतला जुना वर्गमित्र, थेट विभागप्रमुखाला पाठवलेला नेमका मेल हेच उपाय आहेत. कंपन्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना उमेदवार सुचवल्याबद्दल पैसे देतात, यावरून काय ते समजावं.

आता लिहिण्याकडे येऊ. चांगला रेझ्युमे पाहायचा असेल तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा गोव्यातल्या किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बोटीवर जाणाऱ्या माणसाचा कागद मागून घ्यावा. त्यात जहाजाचं नाव, ते तेलवाहू की कंटेनरचं की प्रवासी, त्याचं टनेज, इंजिन कोणतं, स्वतःचा हुद्दा, बोटीवर चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख असे रकाने असतात. प्रत्येक सफरीची नोंद सीडीसी म्हणजे नाविकाच्या अधिकृत नोंदपुस्तकात शिक्क्यासह असते, इन्डोस क्रमांक टाकला की नाविकाची माहिती पडताळता येते, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय मानकाचे कोर्स कधी केले आणि कधीपर्यंत वैध आहेत हेही लिहिलेलं असतं. माणसं पाठवणाऱ्या कंपनीला मिनिटभरात कळतं की हा चीफ कुक क्रूझवर दोन हजार माणसांचं जेवण सांभाळेल की मालवाहू जहाजावर वीसजणांचं. तिथे ‘मी उत्तम टीम प्लेअर आहे’ असं कोणी लिहीत नाही, आणि कोणाचं अडतही नाही.

हीच शिस्त भोसरी-रांजणगावच्या शॉप फ्लोअरला लावून पाहा. ‘व्हीएमसी ऑपरेटर, २ वर्षे’ एवढंच लिहिलेले कागद गेटवर गठ्ठ्याने पडतात. त्याच मुलाला बोलतं केलं तर कळतं की तो फॅनुक कंट्रोलवर काम करतो, जॉब सेटिंग स्वतः करतो, टूल ऑफसेट देतो, प्रोग्रॅममध्ये लहानसहान दुरुस्ती करतो, अॅल्युमिनियम आणि कास्ट आयर्न दोन्ही हाताळलंय, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने स्वतः तपासणी करतो. नुसता बटण दाबणारा ऑपरेटर आणि सेटिंग येणारा ऑपरेटर यांच्या पगारात चांगला फरक असतो. तो फरक त्याने कागदावर आणलाच नाही. एका शिफ्टला किती नग निघायचे आणि रिजेक्शन किती होतं, हे लिहिलं तर क्वालिटीचा माणूस मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारील, आणि उत्तर त्याच्या जिभेवर असेल. अॅप्रेंटिसशिप कुठल्या कंपनीत केली, तिथे कॉन्ट्रॅक्टवर होता की कंपनीच्या रोलवर, हेही स्पष्ट लिहावं. लपवून उपयोग होत नाही.

बी.कॉम. झालेल्या मुलीचं तसंच. ‘टॅली, एमएस ऑफिस, इंटरनेट’ ही त्रयी वाचून वाचणाऱ्याचे डोळे मिटतात. सीएच्या ऑफिसात वर्षभर काम केलं असेल तर काय केलं ते लिहावं: खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ आणि ३बी ची तयारी, टीडीएसची चलनं, ई-वे बिलं, किती व्यापाऱ्यांची खाती सांभाळली, त्यात हार्डवेअरचं दुकान होतं की बांधकाम ठेकेदार. ज्या कारखान्याला ठेकेदारांची बिलं तपासायला माणूस हवाय, त्याच्यासाठी शेवटचा तपशील बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा.

आणि ज्याच्याकडे अनुभवच नाही त्याने काय करायचं? इथे कॉलेजांनी मुलांचं मोठं नुकसान केलंय. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प चौघांनी मिळून केलेला, बऱ्याचदा विकत आणलेला, आणि चौघांच्या रेझ्युमेत शब्दशः तोच परिच्छेद. मुलाखत घेणारा विचारतो, ‘यात तुझं काय?’ आणि पोरगं छताकडे बघतं. प्रकल्प साधा असला तरी चालतो. त्यातला स्वतःचा भाग एका वाक्यात सांगता आला पाहिजे. त्यापलीकडेही पुष्कळ काही असतं, पण ते लिहिण्यासारखं आहे असं मुलांना वाटतच नाही. गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार असताना वर्गणीच्या पावत्या, मंडपवाल्याचा ॲडव्हान्स, शेवटचा ताळेबंद हे सगळं ज्याने सांभाळलं आणि भर सभेत हिशोब दिला, त्याने पैशाचा व्यवहार आणि माणसं दोन्ही हाताळलीयत. एनएसएसच्या शिबिरात शंभर मुलांच्या जेवणाची सोय केली, वडिलांच्या द्राक्षबागेची फवारणीची नोंदवही ठेवली, मामाच्या मेडिकलमध्ये सुट्टीत साठा मोजला. कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीला ती फवारणीची वही एखाद्या ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा नक्कीच जास्त सांगते. प्रमाणपत्रांची माळ लावण्याचं खूळ तर आवरायलाच हवं. पंधरा ऑनलाइन कोर्सची यादी म्हणजे एकही नीट केला नाही, असा अर्थ वाचणारा काढतो.

मराठी मुलांच्या बाबतीत एक खंड खास आपला आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी चार-सहा वर्षं घालवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. तिशीच्या उंबरठ्यावर ती खासगी नोकरीकडे वळतात आणि रेझ्युमेतल्या त्या रिकाम्या वर्षांनी घाबरतात. कोणी तारखा खातो, कोणी मावसभावाच्या फर्मचं खोटं अनुभवपत्र आणतो. दोन्ही वाईट. सरळ लिहावं: अमुक ते अमुक साल, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, पूर्व परीक्षा इतक्या वेळा उत्तीर्ण, मुख्य परीक्षा दिली, मुलाखतीपर्यंत पोहोचलो. त्या काळात अकादमीत राज्यशास्त्र शिकवलं असेल, उत्तरपत्रिका तपासल्या असतील, अभ्यासिकेचं व्यवस्थापन पाहिलं असेल, तर ते कामच आहे. शासकीय निर्णय वाचून त्याचा अर्थ लावता येणं, मराठीत नीट टिपणी लिहिता येणं, कायद्याची कलमं पाठ असणं हे सामाजिक संस्था, सीएसआरचे विभाग, सहकारी बँका, वर्तमानपत्रं, शैक्षणिक कंपन्या यांना हवं असतं. आयटी कंपनीला कदाचित नको असेल. अर्ज कुठे करायचा याची निवड इथे रेझ्युमेइतकीच महत्त्वाची.

बाळंतपण आणि मुलांसाठी नोकरी सोडलेल्या बायकांचा खंडही असाच दोन वाक्यांत, न ओशाळता लिहावा. टाटा समूहाने २००८ मध्ये अशा स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला आणि नंतर इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. पण हे दरवाजे अजून मोठ्या शहरांत आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीच उघडतात, हेही खरं.

खोटं लिहावं का, हा प्रश्न नीतीचा असेलच, पण आता तो साध्या हिशोबाचाही झालाय. आयटी उद्योगाने २००६ मध्येच कर्मचाऱ्यांच्या पडताळणीसाठी नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली. २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आला, आणि त्या खात्यात कोणत्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलंत याची नोंद दिसते. रुजू होताना कंपन्या ती मागतात. दोन महिन्यांत सोडलेली नोकरी लपवली की तिथेच उघड होते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांतही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं; या कारवाईने त्या वेळी सगळ्या आयटी जगतात धाक बसवला. आपल्याकडची पडताळणी मात्र खोटेपणापेक्षा नावाच्या घोळावर जास्त अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी; लग्नानंतर पॅनवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं; इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. ज्या नावाने गुणपत्रिका आहेत तेच नाव रेझ्युमेत ठेवावं, आणि बदललं असेल तर राजपत्रातली नोंद व विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवावं. ऑफर लेटर हातात असताना या कारणाने महिनाभर ताटकळलेल्या बायका कमी नाहीत.

भाषेबद्दल दोन शब्द. खासगी क्षेत्रात इंग्रजी रेझ्युमे लागतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते इंग्रजी साधं असावं, न चुकता येईल एवढंच. मराठी शाळा, प्रकाशनं, पतसंस्था, ग्रामीण भागातल्या संस्था यांना मराठीत अर्ज केला तर बिघडत नाही, किंबहुना शोभतो. मात्र तो युनिकोडमध्ये टाइप केलेला हवा. जुन्या फाँटमधली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की मजकुराचा चिवडा होतो.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि रेझ्युमेचं इंग्रजी एका रात्रीत सुधारलं. त्याबरोबर सगळे रेझ्युमे एकाच वळणाचेही झाले. सगळेच परिणामाभिमुख, सगळेच नवोन्मेषी. यंत्राकडून व्याकरण दुरुस्त करून घ्यायला काहीच हरकत नाही. पण कामाचा तपशील तुम्ही दिला नाहीत तर ते स्वतःच्या मनाने काहीतरी भरतं, आणि मुलाखतीत त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

इथवर जे म्हटलं त्याला एक मोठी मर्यादा आहे. ती सांगितल्याशिवाय हा आढावा अपुरा ठरेल. काम कितीही नेमकं लिहिलं, तरी कागदावर नाव राहतंच, आणि नावाला आपल्याकडे जात-धर्म चिकटलेले असतात. मूळ अमरावतीचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम वाटतील अशा वेगवेगळ्या नावांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना पाठवले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले: मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. दिल्लीत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा ठळक फरक दिसला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत काही प्रमाणात दिसला. जिथे कौशल्य मोजता येतं तिथे नावाचं वजन घटतं आणि जिथे ‘व्यक्तिमत्त्व’ पाहिलं जातं तिथे वाढतं, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. हे दुखणं फक्त आपलं नाही. बॉस्टन आणि शिकागोमधल्या २००४ च्या प्रसिद्ध अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी आली. यंत्रावर सोपवलं तर भेद जाईल ही आशाही फोल ठरली. अॅमेझॉनने बनवलेली निवड प्रणाली जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवर शिकली आणि ‘विमेन्स’ हा शब्द असलेल्या रेझ्युमेंना खाली ढकलू लागली. २०१८ मध्ये रॉयटर्सने हे उघड केलं तोवर कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला होता.

फोटोचा प्रश्नही यातलाच. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रेझ्युमेवर फोटो, वय, लग्न यांतलं काहीच लिहीत नाहीत. जर्मनीत भेदभावविरोधी कायदा २००६ मध्ये आल्यापासून फोटो मागता येत नाही, पण सवयीने पुष्कळजण लावतात. जपानमध्ये छापील नमुना हाताने भरून त्यावर फोटो चिकटवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथल्या सरकारने २०२१ मध्ये नवा नमुना काढून लिंगाचा रकाना ऐच्छिक केला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इथले परिचारक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर जर्मन भाषेचे वर्ग शोधू लागले. त्यांनी लक्षात ठेवावं की तिकडे तारखा महिन्यासकट लागतात, मधला खंड समजावून द्यावा लागतो आणि भाषेची पातळी ‘चांगली’ अशी न लिहिता ए२, बी१ अशी प्रमाणपत्रासह लिहावी लागते.

इकडच्या अर्जदारांनी आधार आणि पॅनचे क्रमांक रेझ्युमेत लिहू नयेत. ती फाईल कोणाकोणाच्या हाती जाते ते कळत नाही. नोंदणी शुल्क मागणारा कोणीही नोकरी देत नसतो. पाच-दहा हजार घेऊन रेझ्युमे लिहून देणाऱ्यांचीही गरज नाही. तुमच्याच कामातला चार वर्षं पुढचा माणूस गाठून त्याला अर्धा तास कागद वाचायला लावा, तो फुकट आणि जास्त बरोबर सांगेल.

वडिलांचं नाव, धर्म, जात आणि वैवाहिक स्थिती उमेदवार आपल्या कागदावरून आजच काढू शकतो. पण तो कंपनीत पोहोचला की गेटवर त्याच्या हातात कंपनीचा छापील अर्ज येतो आणि त्यात हेच रकाने पुन्हा असतात, शिवाय वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या. वारसाचं नाव, विमा, भविष्य निर्वाह निधी यांसाठी कुटुंबाची माहिती लागते, पण ती निवड झाल्यावर. मुलाखतीआधी तिचं काम नाही. लहान-मोठ्या कारखानदारांनी, हॉस्पिटलांनी, शिक्षणसंस्थांनी आणि पतसंस्थांनी आपापला अर्जाचा नमुना एकदा काढून पाहावा आणि पुढच्या छपाईला हे रकाने गाळावेत. त्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.